तिसरी घडी

१

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, हिवाळ्याचा शेवटचा पंधरवडा. झाडांना पान नव्हतं आणि सकाळी खिडकीच्या काचा आतून पुसाव्या लागत होत्या. त्या पंधरवड्यात माझा धाकटा भाऊ विद्यापीठातून निवृत्त झाला आणि त्याचा सत्कार ठरला.

भाऊ प्राध्यापक. विषय चित्रांचा इतिहास, त्यातही अतिवास्तववाद. हा शब्द मी निम्मं आयुष्य ऐकला. अर्थ एकदाच विचारला होता. तो म्हणाला, "दादा, काही चित्रकार होते. जागेपणी दिसतं ते खोटं आणि स्वप्नात दिसतं ते खरं, असं मानून चित्रं काढायचे."

मी म्हणालो, "आणि भूक त्यांना कधी लागायची? जागेपणी का स्वप्नात?"

तो खूप हसला. पुढे हे वाक्य तो वर्गात सांगायचा असं कळलं. स्वतःचं म्हणून.

घरात तो, त्याची बायको आणि मी. त्याला मी बाळ्या म्हणतो, साठीला आला तरी. त्याच्या बायकोला धाकटी म्हणतो. थोरली कुणी नाही. माझं लग्न ठरलं होतं, झालं नाही.

माझा उजवा पाय गुडघ्याखाली लाकडाचा आहे. चौथीनंतर मी शाळा सोडली आणि लाकडाच्या वखारीत कामाला लागलो. ज्या वर्षी बाळ्या कॉलेजात गेला त्या वर्षी वखारीत ओंडक्यांची चळत सुटली. सगळ्यांनी सांगितलं, पोराला कॉलेजातून काढा, कामाला लावा. मी काढलं नाही. पाय बरा झाला, म्हणजे जेवढा उरला तेवढा बरा झाला, आणि मी त्याच वखारीच्या फाटकावर बसून लाकूड मोजायला लागलो. मुलीकडचे एकदा येऊन बघून गेले. परत आले नाहीत.

बाळ्याच्या उजव्या पायाचं धाकटं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं आहे, जन्मापासून. शाळेच्या बुटात ते दुखायचं. रोज सकाळी मध्ये कापूस घालून बूट मी चढवायचो. आई नव्हती. मीच होतो.

२

बाळ्याचं सगळं नाव एका कागदावर झालं.

त्या चित्रकारांचा एक खेळ होता. कागदाला घड्या घालून तीन भाग करायचे. पहिल्याने डोकं काढायचं आणि घडी घालून झाकायचं. मानेच्या दोन रेघा तेवढ्या घडीपलीकडे सोडायच्या. दुसऱ्याने त्या रेघांवरून धड काढायचं, झाकायचं, खाली दोन रेघा सोडायच्या. तिसऱ्याने पाय काढायचे. मग कागद उघडायचा आणि जे काय जनावर तयार झालं असेल त्याला हसायचं. नियम एकच. हातात कागद आला की आधी आपला भाग द्यायचा. भाग न देता उघडायचा नाही.

बाळ्याला असा एक कागद जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडला, एका जाड पुस्तकात दाबलेला. घड्या कधी उघडलेल्याच नव्हत्या. त्याने उघडल्या. वर डोक्याच्या जागी एक बंद खिडकी, खिडकीला पापण्या. मध्ये धडाच्या जागी कपाट, त्याचा एक खण अर्धवट उघडा, आत माणसाचा हात घडी घालून ठेवलेला, इस्त्रीच्या सदऱ्यासारखा. खालचा भाग कोरा. नखाएवढ्या दोन रेघा घडीखाली उतरलेल्या, आणि मग काही नाही.

त्या कोऱ्या भागावर बाळ्याने प्रबंध लिहिला. तिसरा माणूस आलाच नाही, आणि त्याचं न येणं हेच चित्र आहे, असं काहीतरी. डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली.

वरची जागा हवी होती तेव्हा त्याने एक प्रदर्शन भरवलं. त्या चित्रकारांना घरातल्या वस्तू उचलून काचेत ठेवायची खोड होती. बाळ्या म्हणाला, "दादा, तुझा जुना पाय आहे ना, तो दे की चार दिवस." मी दिला. बघायला गेलो तर माझा पाय काचेच्या पेटीत उभा, खाली दिवा, आणि पुढे पाटी: 'मोठा भाऊ. लाकूड, चामडं, पितळ.' लोक बघत होते, हसत होते. कुणीतरी ओळखलं. एक बाई म्हणाली, "तुम्ही शेजारी उभे राहता का? फोटो घेते."

मी उभा राहिलो. बाळ्याला वरची जागा मिळाली.

त्यानंतर तो जिथे जिथे सत्काराला उभा राहिला तिथे एक वाक्य बोलायचा. "मी आज उभा आहे तो माझ्या दादाच्या पायावर. हे ऋण या जन्मी फिटायचं नाही." टाळ्या पडायच्या. घरी मात्र त्याने कधी विचारलं नाही की दादा, थंडीत पाय दुखतो का.

३

सत्काराला सभागृह भरलं होतं. तो कागद त्याने घरून आणला होता. काच चकाकते म्हणून चौकटीची काच काढून ठेवली होती, आणि उघडा कागद तिवईवर उभा केला होता. बाळ्याने खेळ समजावून सांगितला, नियम सांगितला, विद्यार्थ्यांना हसवलं. शेवटी ते वाक्य आलं. टाळ्या पडल्या.

अध्यक्ष म्हणाले, "आज दादाही इथे आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. मी चढलो. लाकडी पाय टक, दुसरा धप. घरातही लोक मला बघायच्या आधी ऐकतात. तिथेही सगळे ऐकत होते, आणि माझी दया करायला सज्ज होऊन बसले होते.

मी म्हणालो, "हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलं. दर वेळी तुम्ही टाळ्या वाजवता आणि दर वेळी हा एक पायरी वर चढतो. फिटायचं नाही म्हणतो. का नाही? फेडायचं म्हटलं की फिटतं."

लोक हसायला लागले.

"बाळ्या, तो कागद तू उघडलास. नियम तू आत्ताच सांगितलास. तुझा भाग कुठे आहे? पायांची जागा तर कोरीच आहे. मलाही पायच हवाय. दे."

सभागृह कोसळलं हसून. मागून शिट्टी आली. बाळ्याही हसत होता, डोळे पुसत होता. त्याला रंगमंच कळतो. तो तिवईपाशी गेला, कागदाच्या कोऱ्या भागावर उजव्या हाताचा पंजा ठेवला, मान झुकवली आणि मोठ्याने म्हणाला, "दिला, दादा!"

टाळ्या थांबेनात.

मी हसलो नव्हतो. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

४

माझी खोली अभ्यासाच्या खोलीच्या पलीकडे आहे. बाहेर यायचं तर बाळ्याची पुस्तकं आणि तो कागद यांच्यासमोरूनच यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवर बसून पट्टे बांधायला घेतले. मधला पट्टा तिसऱ्या भोकात लावावा लागतो, दुसऱ्यात सैल पडतो. बक्कल हातात होतं, लाकडी पाय अजून मांडीशी टेकलेला, तेवढ्यात माझा उजवा तळवा गार फरशीला लागला.

मी तसाच बसलो.

डॉक्टरांनी पूर्वीच सांगितलं होतं की गेलेला पाय आठवण काढत राहतो. खाज तर मला नेहमीच येते. पण खाज आतून येते. गारवा बाहेरून येतो. हा बाहेरून आला होता, आणि ओला होता. फरशीचे सांधे कळत होते. न्हाणीघरात नळ चालू होता. बाळ्या आंघोळ करत होता.

नळ बंद झाला. जरा वेळाने तळव्याला पायपुसणं लागलं, काथ्याचं, टोचरं.

मी पट्टे आवळले आणि बाहेर आलो. कागद परत भिंतीवर लागला होता, काचेमागे. खालच्या भागातल्या दोन रेघा मी रोज बघतो, न बघता बघतो. आज उजवीकडची रेघ बोटभर झाली होती.

चष्मा पुसला. बोटभरच.

चहाला बसल्यावर म्हणालो, "बाळ्या, त्या कागदावर काल कुणी पेन्सिल चालवली का? पोरं होती सगळी."

तो चहा सोडून उठला. भिंग घेऊन कागदापाशी गेला. तिथूनच म्हणाला, "काही नाही रे दादा. तेवढीच आहे. निम्मं आयुष्य बघतोय मी." मग परत वाकला. भिंग काचेवरून खाली, अजून खाली सरकत गेलं. "मळ असेल," तो म्हणाला. भिंग खिशात ठेवलं. त्याचा चहा तसाच राहिला.

५

बाळ्याच्या उजव्या पायातून चप्पल निसटायला लागली. निसटायची आणि त्याला कळायचंच नाही. एका पायात चप्पल घालून तो घरभर हिंडायचा.

धाकटी हसायची. "नोकरी सुटली तशी चप्पलही सुटली. आता शर्ट सांभाळा."

"अगं, चित्रातला माणूस झालोय मी," तो म्हणायचा. "उद्या डोक्यावर खिडकी येईल."

"येऊ दे. उघडून बघते तरी आत काय आहे ते."

हसणं तिथपर्यंत होतं. मग बोटं बधिर झाली, मग टाच. डॉक्टरांनी हातोडीने ठोकून बघितलं, रक्त तपासलं. म्हणाले, शिरा आहेत, वय आहे, गरम पाण्याचा शेक द्या.

मला इकडे काय काय कळत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. लोकरीच्या मोज्याचा दोरा बोटात अडकलेला कळायचा. धाकटं बोट शेजारच्यावर चढून दुखायचं. मी स्वतःला समजावलं. वय झालं. रिकामपण आहे. माणूस दिवसभर बसला की अंगात काहीही भरतं. वखारीत असताना असली थेरं सुचली नव्हती.

एका दुपारी धाकटी बाजारात गेली होती. मी पाय काढून खाटेवर पडलो होतो. लाकडी पाय भिंतीशी उभा होता, माझ्या डोळ्यांसमोर. आणि अभ्यासाच्या खोलीतून आवाज आला.

टक.

मग धप. मग टक.

माझी चाल मला माहीत आहे. चाळीस वर्षं ऐकलीय. लाकडी पायाकडे बघितलं. जागचा हलला नव्हता. मी भिंतीला धरून, एका पायावर, दारापर्यंत गेलो.

बाळ्या पुस्तकांच्या कपाटापाशी येरझाऱ्या घालत होता. अनवाणी. दोन्ही पाय माणसाचे, गोरे, शिरा दिसणारे. उजवा पाय फरशीवर पडला. टक.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्यालाही ऐकू येत होतं.

"फरशी पोकळ झालीय वाटतं, दादा," तो म्हणाला.

"असेल," मी म्हणालो.

६

शेकाचं पाणी धाकटी तसराळ्यात आणायची. पसरट, जस्ताचं. बाळ्या खुर्चीवर बसायचा, ती त्याचा पाय उचलून पाण्यात ठेवायची. मी पलीकडे माझ्या खोलीत वर्तमानपत्र वाचत असायचो. दार उघडं असायचं.

त्या दिवशी तिने चुलीवरून पाणी उतरवलं आणि हात घालून बघायचं राहिलं. पाय ठेवला. बाळ्या वाचत होता, वाचतच राहिला.

मी ओरडलो.

असा ओरडलो की वर्तमानपत्र फाटलं. उजवा पाय घोट्यापासून खाली उकळत होता. मी तो वर ओढला. वर ओढायला काही नव्हतं. लाकूड खाटेच्या दांडीवर आपटलं.

पलीकडे पाणी सांडलं. धाकटीने आता हात घालून बघितला असावा, कारण ती "अगं आई" म्हणाली. मग बाळ्याचा आवाज आला, शांत, "काय झालं? कशाला ओढलास पाय?"

ती दारात आली. एका हातात रिकामं तसराळं, दुसरा हात भाजलेला, लाल. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या लाकडी पायाकडे. मग परत माझ्याकडे. तसराळ्यातून पाणी टपकत होतं.

"कळ आली," मी म्हणालो.

ती सांडलेलं पाणी पुसायला वळली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्या आत झोपला होता. ती माझ्यासमोर येऊन बसली. इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर बसली नव्हती, उभ्यानेच बोलायची.

"दादा, काल कुठे कळ आली?"

"म्हाताऱ्याला कुठेही येते."

"उजव्या पायात?"

"उजवा पाय मला नाही. तुला लग्नाआधी सांगितलं होतं."

"यांचा घोट्यापर्यंत गेलाय. रेघही घोट्यापर्यंत आलीय. तुम्ही बघताय ना रोज? मी बघते तुम्हाला बघताना."

"कागद जुना आहे. डाग पडतात."

"डागाला टाच असते?"

मी वर्तमानपत्र उचललं.

"एकदा म्हणा नको म्हणून," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता. "मागितलं तुम्ही होतं. दिलं यांनी. आता नको म्हणा. माझ्यासमोर नका म्हणू, त्या कागदासमोर जाऊन म्हणा. मी स्वयंपाकघरात जाऊन बसते, मला ऐकू पण येणार नाही."

"जे नाहीच, त्याला नको काय म्हणायचं? लोक वेडा म्हणतील."

"कुठले लोक? मी आणि हेच आहोत. आणि नाहीच ना? मग म्हणायला तुमचं काय जातं?"

नको म्हटलं असतं तर ते आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं. मी शिकलो नाही, पण डोकं ठिकाणावर ठेवून जगलो. भाऊ स्वप्नांवर जगला. त्याच्या स्वप्नाला मी या वयात मान देणार नव्हतो.

एवढंच कारण होतं असं मी तेव्हा मानत होतो.

ती उठली. केसातली पिन काढली. आत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. काय येणार ते कळलं होतं. टाचेच्या मऊ भागात पिन शिरली. मी पान उलटलं.

आतून हाक आली. "दादा, टोचलं?"

"काय टोचलं?"

मग परत, खोल, आणि आत फिरवली. मी दात आवळले. हूं की चूं केलं नाही. ओंडका पडला तेव्हाही केलं नव्हतं.

"टोचलं का?"

"तुला काम नाही का काही?"

मग बाळ्याचा आवाज आला, झोपेतून उठलेला, थट्टेचा. "अगं, मला काहीच कळत नाही. टोच अजून."

तिने टोचलं नाही. तिच्या रडण्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. लहान मुलीसारखी रडते.

८

हिवाळा संपला. झाडांना बारीक कोंब आले. काचा पुसाव्या लागेनाशा झाल्या.

कागदावरची रेघ मी बघणं सोडलं होतं. जाता येता नजर समोरच्या दारावर ठेवायची. तरी डोळ्याच्या कडेला काळं काहीतरी दिसायचं, पोटरीसारखं फुगलेलं.

एका सकाळी बाळ्या माझ्या खोलीत आला. टक, धप. माझ्या खाटेवर बसला, लहानपणी बूट चढवून घ्यायला बसायचा तसा, पाय लोंबते सोडून. उजव्या पायाला टाचेपाशी पट्टी होती.

"दादा, एक सांगू? माझा प्रबंध चुकला."

"आता कळलं?"

"मी लिहिलं, तिसरा माणूस आलाच नाही. त्यावरच सगळं उभं केलं. नोकरी, पुस्तकं, मान. तिसरा यायचाच होता, दादा. तो मीच होतो. उघडला तेव्हाच काढायला हवा होता काहीतरी. दोन काड्या काढल्या असत्या तरी चाललं असतं."

"मग लिही की. नवीन पुस्तक होईल. परत सत्कार करतील."

त्याने मान खाली घातली. सवयीने हसायला गेला, जमलं नाही. "मला भीती वाटते," तो म्हणाला. "विनोद मागे घे, दादा."

"मी विनोद करत नाही."

"मग मागणी मागे घे."

बाहेर धाकटीच्या बांगड्यांचा आवाज थांबला. ती दाराआड होती.

मी त्याच्याकडे बघितलं. म्हातारा झाला होता. लहानपणी ताप आला की असाच दिसायचा. नको हा शब्द जिभेवर आला. खरंच आला. म्हटलं, जाऊ दे, पोर आहे. आणि तो बाहेर काढायच्या आधी मी सहज, मनात आलं म्हणून, उजव्या पायाची बोटं पसरली.

पसरली. मग मिटली. एक एक करून. हे मी चाळीस वर्षांत केलं नव्हतं. इतकं बरं वाटलं की मी परत केलं.

बाळ्या स्वतःच्या पायाकडे बघत होता. त्याच्या उजव्या पायाची बोटं सावकाश पसरत होती. मग मिटली. एक एक करून. धाकटं बोट शेवटी, शेजारच्यावर चढून.

त्याने वर बघितलं. माझा चेहरा त्याने वाचला. शिकलेला माणूस, वाचता येतंच.

"दुखतो का रे, दादा, थंडीत?" त्याने विचारलं.

"उशीर झाला विचारायला," मी म्हणालो.

९

सकाळी जाग आली तेव्हा पांघरुणाच्या टोकाला दोन उंचवटे होते.

मी छताकडे बघत पडून राहिलो. ऊन भिंतीवर आलं होतं. शेजारी हात घातला. लाकडी पाय रोज ज्या जागी टेकवून ठेवतो तिथे नव्हता. पलीकडे अभ्यासाच्या खोलीत काहीतरी धातूचं वाजत होतं, बक्कल हाताळल्यासारखं. वाजायचं, थांबायचं, परत वाजायचं.

पांघरूण मी काढलं नाही. आतल्या आत पाय खाली सोडले. दोन्ही तळवे फरशीला लागले. गार. उभा राहिलो. गुडघ्याखाली बघितलं नाही. एकदाच नजर गेली, तेवढ्यात टाचेशी पट्टी दिसली आणि चढलेलं बोट.

चाललो. त्या घरात पहिल्यांदा माझ्या चालण्याचा आवाज झाला नाही.

अभ्यासाच्या खोलीत कागद भिंतीवर होता. खाली आता कोरं काही नव्हतं. एक पाय अनवाणी होता. दुसऱ्याला पट्टे होते. याहून जास्त मी बघितलं नाही.

बाळ्या खुर्चीत बसला होता. मांडीवर शाल. शाल डावीकडे भरलेली, उजवीकडे गुडघ्याखाली नुसती लोंबत होती. माझा लाकडी पाय त्याने लावायला घेतला होता आणि मधल्या पट्ट्याशी झटत होता.

मी त्याच्यासमोर बसलो. दोन्ही गुडघे वाकवून, सहज.

"दुसऱ्या भोकात नको," मी म्हणालो. "सैल पडतं. तिसऱ्यात लाव."

त्याला जमेना. मी लावून दिलं.

धाकटी आत आली. डोळे कोरडे होते. तिच्या हातात बाळ्याचा उजवा बूट होता, पॉलिश केलेला, आत बोटांपाशी कापूस घातलेला. तो तिने माझ्यासमोर ठेवला, नीट, टाच माझ्याकडे करून. आणि गेली.

बाळ्या बुटाकडे बघत होता.

"ऋण फिटलं ना, दादा?"

मी बूट पायात घातला. कापूस बरोबर जागी होता.

"फिटलं," मी म्हणालो.